पाठीचा कणा आणि बाईच्या वाट्याचं ऊन

(आरोग्य-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



या सत्राचा विषय ‘बाईची पाठदुखी’ असा ठेवला आहे. तो पुरा करायचा तर दोन दिवसांचं वेगळं शिबिर घ्यावं लागेल. मी आज त्यातला एकच तुकडा घेणार आहे. पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालेली बाई बरी होते म्हणजे नेमकं काय होतं, आणि त्यात ड जीवनसत्त्वाचा, म्हणजे व्हिटॅमिन डीचा, संबंध काय, एवढंच.

ऐकायला हा डॉक्टरांचा विषय वाटेल. मी डॉक्टर नाही. एम.एस.डब्ल्यू. केल्यापासून मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते. अस्थिरोगाचे वॉर्ड माझ्याकडे आहेत. ऑपरेशनचे पैसे कुठून उभे करायचे, कोणते कागद लागतील, बाई अ‍ॅडमिट झाली तर घरी मुलांकडे कोण बघेल, असे प्रश्न घेऊन माणसं माझ्या टेबलाशी येतात. त्या टेबलावरून जे दिसतं ते मी मांडणार आहे. त्यातली वैद्यकीय माहिती डॉक्टरांकडून समजून घेतलेली आणि वाचून पडताळलेली आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. मणक्याचं ऑपरेशन काही तासांत होतं. हाड जुळायचं काम मात्र त्या बाईचं शरीर पुढचे सहा महिने ते वर्षभर करत असतं. त्यासाठी ऊन, अन्न आणि विश्रांती लागते. या तिन्ही गोष्टी तिच्या वाट्याला आधीपासून कमी आलेल्या असतात, आणि ऑपरेशननंतरही कमीच येतात. म्हणून ऑपरेशन यशस्वी झालं की नाही, हे बऱ्याच अंशी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर ठरतं. तिथे आपल्याला काम आहे.

‘कंबरच ना, दुखणारच!’

तीन बायकांबद्दल सांगते. नावं सांगत नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

पहिली चाळिशीतली. चाळीतल्या एका खोलीत बसून साड्यांना फॉल-पिको करते. सकाळी नवरा आणि मुलं बाहेर पडली की मशीनवर बसायचं, ते संध्याकाळी दिवे लागेपर्यंत. खोलीला एक खिडकी, तीही बोळात उघडणारी. दुसरी पन्नाशीची, एका मेसमध्ये रोज शेकड्यानं पोळ्या लाटणारी. कंबरेतून पायात कळ जायला लागली तरी दोन वर्षं तिनं वेदनाशामक गोळ्या खाऊन काम रेटलं. तिसरी साठीची, चांगल्या खात्यापित्या घरातली, बंगल्यातली. तिला कशाचीच कमी नव्हती. पण घराबाहेर पडायचं ते गाडीतून आणि देवळात जायचं तेही दिवेलागणीनंतर.

तिघींचं दुखणं वेगळं, वर्ग वेगळा, राहणी वेगळी. तिघींनाही घरच्यांनी आणि सुरुवातीला डॉक्टरांनीही सांगितलं होतं, की बायकांची कंबर दुखतेच. बाळंतपणानंतर दुखते, वय झालं की दुखते, पाळी जाताना दुखते. दुखणं बाईच्या पाचवीलाच पुजलेलं आहे असं सगळ्यांनी धरलेलं असतं, आणि आपणही धरून चालतो. त्यामुळे तपासायला उशीर होतो.

तपासलं तेव्हा पहिलीचं ऑपरेशन टळलं, दुसरीचं करावं लागलं आणि तिसरीचं झालेलं ऑपरेशन वर्ष उलटूनही जुळत नव्हतं. तिघींच्याही रक्तात ड जीवनसत्त्व फार कमी निघालं. तीन बायकांवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण त्यामुळे मी प्रश्न विचारायला लागले.

स्क्रू म्हणजे सेंट्रिंग

मणक्याचं प्रत्येक ऑपरेशन सारखं नसतं. दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, सरकून नसेवर दाब आला असेल, तर कधी कधी तेवढा दाबणारा भाग काढतात. त्यात हाड जुळवायचं नसतं. पण मणका मणक्यावरून पुढे सरकला असेल, कणा अस्थिर झाला असेल, किंवा क्षयरोगानं मणका पोखरला असेल, तर अनेकदा दोन किंवा अधिक मणके एकमेकांना जोडावे लागतात. याला डॉक्टर ‘फ्यूजन’ म्हणतात. वाढत्या वयात मणका सरकण्याचा प्रकार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त आढळतो. म्हणजे हे ऑपरेशन आपल्या बाजूचंच आहे.

फ्यूजनमध्ये धातूचे स्क्रू आणि सळ्या बसवतात आणि हाडाचे बारीक तुकडे भरतात. एक्स-रेमध्ये ते स्क्रू चकाकताना दिसले की नातेवाइकांना वाटतं, झालं, पाठ पक्की झाली. तसं नसतं. घराचा स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग लावतात ना, तसे हे स्क्रू. स्लॅबचं वजन सेंट्रिंगनं कायमचं पेलायचं नसतं. सिमेंट घट्ट होईपर्यंत त्यानं आधार द्यायचा असतो. इथे सिमेंट म्हणजे नवं हाड. ते बाईच्या शरीरानं तयार करायचं आहे. ते झालंच नाही, तर महिन्या-महिन्यानं स्क्रूवर ताण येत राहतो, ते सैल होतात, क्वचित मोडतात, दुखणं परत येतं आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येते.

नवं हाड बनायला कॅल्शियम लागतं. आपण खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात शिरायला ड जीवनसत्त्व लागतं. ते नसेल, तर कॅल्शियमच्या गोळ्या खाऊनही त्यांचा फार थोडा भाग अंगी लागतो. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर हाडातलंच कॅल्शियम ओढून घेतं. म्हणजे घर चालवायला बाईनं अंगावरचे दागिने मोडावेत, तसा हा प्रकार.

ड जीवनसत्त्व मुख्यतः आपल्या कातडीत उन्हामुळे तयार होतं. पुढे यकृतात आणि मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होऊन ते कामाला येतं. रक्तात त्याचं प्रमाण मोजता येतं. साधारणपणे मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल, तर कमतरता मानतात. भारतात झालेल्या बहुतेक पाहण्यांत निम्म्याहून अधिक लोकांत ही कमतरता दिसलेली आहे, आणि हा देश उन्हाचा आहे.

अभ्यास काय सांगतात

अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी फ्यूजनसाठी आलेल्या ३१३ रुग्णांचं रक्त ऑपरेशनआधी तपासलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २७ टक्के रुग्णांत स्पष्ट कमतरता होती. २०१५ साली यूटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १३३ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यातल्या ३१ जणांत कमतरता होती. ज्यांच्यात ती नव्हती, त्यांचे मणके जुळायला सुमारे सहा महिने लागले. ज्यांच्यात होती, त्यांना सुमारे बारा. वय, लठ्ठपणा, तंबाखू यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही न जुळण्याचा धोका कमतरता असलेल्यांत जास्तच राहिला.

सहा महिने आणि बारा महिने यांतला फरक आपण आकड्यात ऐकतो. पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या दृष्टीनं तो सहा महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीचा फरक आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाहीतर उद्या आपल्याच गटातून ‘डी घ्या, पाठ बरी होईल’ असा प्रचार सुरू होईल. कमतरता असलेल्यांत हाड उशिरा जुळतं, हे दिसलं आहे. पण जी बाई उन्हात जात नाही, ती बहुधा कमी चालते, कमी खाते, आजारीही जास्त असते. त्यामुळे दोष किती ड जीवनसत्त्वाचा आणि किती एकूण हलाखीचा, हे सोडवणं सोपं नाही. धडधाकट माणसांनी गोळ्या घेऊन काही होतं का, हेही तपासलं गेलं आहे. अमेरिकेतल्या पंचवीस हजारांहून जास्त स्त्री-पुरुषांना घेऊन केलेल्या ‘व्हायटल’ या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. रोज दोन हजार युनिट ड जीवनसत्त्व घेऊनही त्यांची हाडं मोडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. म्हणजे ज्याला कमी नाही, त्याला वरून देऊन फायदा नाही. ज्याला कमी आहे आणि ज्याला हाड जुळवायचं आहे, त्याची गोष्ट वेगळी.

जास्त दिल्यानं नुकसानही होतं. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २२५६ स्त्रियांवर एक चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा एकच मोठा डोस दिला. २०१० साली निष्कर्ष आले, तेव्हा डोस घेतलेल्या बायकाच जास्त पडल्या होत्या आणि त्यांचीच हाडं जास्त मोडली होती. ‘एकदाच काय ते इंजेक्शन देऊन टाका’ असं कोणी म्हणालं, तर ही गोष्ट आठवावी.

ऑपरेशन टळलेल्या त्या पहिल्या बाईकडे परत येऊ. ड जीवनसत्त्व दीर्घकाळ फारच कमी राहिलं, तर मोठ्या माणसाची हाडं मऊ पडतात. लहान मुलांत याला मुडदूस म्हणतात. मोठ्यांतही तसाच आजार होतो. कंबर, मांड्या, बरगड्या ठणकतात. उकिडवं बसलं तर उठवत नाही, जिना चढताना कठडा धरावा लागतो, चाल डुलती होते. हे दुखणं ‘वात’ म्हणून, ‘गादी सरकली’ म्हणून, नाहीतर ‘बाईला टेन्शन आहे’ म्हणून वर्षानुवर्षं चालतं. शिवाय चाळिशीनंतर एम.आर.आय. काढला, तर गाद्यांची झीज बहुतेकांतच दिसते, न दुखणाऱ्यांतही. चित्रात दिसलेली झीज आणि दुखण्याचं कारण एकच असेल असं नाही. २००३ साली सौदी अरेबियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीच्या ३६० रुग्णांपैकी ९० टक्के बायका होत्या आणि एकूण ८३ टक्क्यांत ड जीवनसत्त्व कमी होतं. उपचारानंतर त्यांचं दुखणं कमी झालं. या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. पण ऑपरेशन ठरवण्याआधी हाडं मऊ तर नाहीत ना, हे बघायला हवं, एवढं त्यातून नक्की निघतं.

ऊन कुणाच्या वाट्याला

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येते. उन्हाच्या देशात बायकांना ऊन का मिळत नाही?

हा प्रश्न नवा नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहरात मुलांमध्ये मुडदुसाची साथच होती म्हणा ना. तिथे हॅरिएट चिक या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईनं आपल्या सहकारी स्त्रियांबरोबर काम करून दाखवून दिलं, की माशाच्या यकृताचं तेल दिलं तरी मुलं बरी होतात आणि नुसत्या उन्हात ठेवलं तरी बरी होतात. त्याच सुमाराला आपल्या नाशिकमध्ये हचिसन आणि शाह या डॉक्टरांनी पाहणी केली, ती १९२२ साली प्रसिद्ध झाली. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांतल्या बायका-मुलांत हा हाडांचा आजार होता. उघड्यावर राबणाऱ्या गरीब घरांत खाणं निकृष्ट असूनही तो दिसत नव्हता. १९२८ साली डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी तर यावर पुस्तकच लिहिलं. काश्मीरमध्ये बाळंतपणं करताना त्यांनी पडद्यातल्या बायकांची मऊ पडून आक्रसलेली कटिरं पाहिली होती. त्यात बाळ अडायचं, आई दगावायची. त्यांनी कारण सांगितलं ते उजेडाचा अभाव. म्हणजे बाईला घरात कोंडण्याची किंमत तिच्या हाडांनी मोजली, हे शंभर वर्षांपूर्वी वैद्यकानं लिहून ठेवलं आहे.

आज पडद्याची रूपं बदलली. एका खोलीत बसून पिको करणारी, विड्या वळणारी, पापड लाटणारी बाई दिवसभर कामात असते, पण सावलीत असते. इमारतींची दाटी इतकी, की खालच्या मजल्यावर दुपारीही दिवा लागतो. गच्ची असते, तिला कुलूप असतं. नाक्यावर, पारावर, मैदानात भर दुपारी पुरुष निवांत बसलेला चालतो. बाई तशी बसली तर ‘हिला काही कामधंदा नाही का’ असं ऐकू येतं. मुलीला लहानपणापासून सांगतात, उन्हात जाऊ नको, काळी पडशील. लग्नाच्या बाजारात गोरेपणाला भाव आहे, तोवर हे असंच चालणार. स्कूटरवर जाणाऱ्या मुली डोळे सोडून सगळं झाकून घेतात. काहींना धर्म झाकायला लावतो, काहींना भीती, काहींना धूळ. मी कुणाच्या कपड्यावर बोट ठेवत नाही. बाईला कुणाच्या नजरेची भीती न बाळगता उन्हात बसता येईल अशी जागा वस्तीत आहे का, एवढंच विचारते.

मघाशी एका ताईंनी विचारलं, मग शेतात राबणाऱ्या बायकांचं काय? त्या तर उन्हातच असतात. प्रश्न बरोबर आहे. ऊन एकटं पुरत नाही. अंग झाकलेलं असतं, ताटात दूध नसतं, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं ती खाते. पोट मुख्यतः धान्यावर भरलं, तर त्यातली काही द्रव्यं कॅल्शियम अडवून धरतात. त्यात लवकर काढलेल्या गर्भाशयाची भर पडते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी २०१९ साली सरकारी समितीनं मांडली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर पाळी जाण्याच्या वेळी हाडांची जी झीज सुरू होते, ती दहा-पंधरा वर्षं आधीच सुरू होते. अशी बाई पुढे कंबर धरून येते, तेव्हा तिच्या केसपेपरवर फक्त ‘कंबरदुखी’ एवढंच लिहिलेलं असतं.

डिस्चार्ज कार्डावर न लिहिलेलं

फ्यूजननंतर डॉक्टर सांगतात, तीन महिने वाकू नका, वजन उचलू नका, कंबर पिळू नका, रोज थोडं थोडं चालणं वाढवा. ऐकताना बाई मान डोलावते. मग मी तिला विचारते, पाणी कुठून आणता? तळमजल्यावरच्या नळावरून. संडास? खाली बसायचा, सार्वजनिक. स्वयंपाक? जमिनीवर बसून. कपडे? मोरीत. आता यातलं कुठलं काम न वाकता होतं, तुम्हीच सांगा.

सरकारनं २०१९ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. जवळजवळ पाच तास. पाठीच्या ऑपरेशननंतर हे पाच तास कुणाकडे जातात? मी पाहिलेल्या बहुतेक घरांत ते नवऱ्याकडे जात नाहीत. ते मोठ्या मुलीकडे जातात आणि तिची शाळा बुडते. नाहीतर पंधरा दिवसांसाठी बहीण किंवा आई येते आणि सोळाव्या दिवशी बाई पुन्हा मोरीत बसते. ऑपरेशनचा खर्च कधी सरकारी योजनेतून निघतो, कधी कर्जातून. पण घरी परतल्यावर पोळ्या कोण लाटणार, याचं पॅकेज नसतं.

पुरुषाचं असं ऑपरेशन होतं, तेव्हा त्याची बायको सहा महिने त्याला उन्हात खुर्ची टाकून देते, हातात दुधाचा पेला देते. तिनं ते करू नये असं मी म्हणत नाही. तिच्या वेळेला खुर्ची कोण टाकणार, हे घरानं ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ठरवलं पाहिजे.

आपण काय करू शकतो

पहिलं काम ऑपरेशनच्या आधीचं. गटातल्या एखाद्या बाईला मणक्याचं ऑपरेशन सांगितलं, तर तिच्याबरोबर एकजण जा आणि विचारा. यात हाड जुळवायचं आहे का? ऑपरेशनशिवाय काही उपाय करून बघता येतील का, किती दिवस? ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, हिमोग्लोबिन, साखर तपासली का? कमी असेल तर आधी भरून काढून मग ऑपरेशन करता येईल का? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ साली सुधारलेल्या शुश्रूषागृह नियमांत रुग्णहक्कांची सनद आहे. कागदपत्रांच्या प्रती मागायला संकोच करू नका.

पण एक अपवाद पाठ करून ठेवा. पायांतली ताकद एकाएकी जाणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, बसण्याच्या जागी बधिरपणा येणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. तिथे जीवनसत्त्वाची वाट बघायची नसते. कंबरदुखीबरोबर ताप, वजन घटणं, रात्रीचं दुखणं असेल, तर क्षयरोगाची तपासणी मागा.

दुसरं काम उन्हाचं. कोवळं ऊन चांगलं, असं आपण सगळ्या म्हणतो. कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं. पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण सकाळी लवकर आणि संध्याकाळी जमिनीपर्यंत फारसे पोचत नाहीत. साधारण अकरा ते दोन या वेळात ते पोचतात. घड्याळ नको असेल तर सोपी खूण सांगते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचं ऊन कामाचं. खिडकीच्या काचेतून आलेलं चालत नाही, काच ते किरण अडवते. कातडी सावळी असेल तर गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. हात, पाय, मान उघडी ठेवून आठवड्यातून चार-पाच दिवस पंधरा-वीस मिनिटं बसायचं. वैशाखात कमी वेळ बसायचं, आणि चक्कर येईल असं मुळीच बसायचं नाही. पावसाळ्यात ऊन नसतं, हेही लक्षात घ्यायचं. ज्यांची कमतरता मोठी आहे, त्यांची ती नुसत्या उन्हानं ऑपरेशनपर्यंत भरून निघत नाही. त्यांना औषध लागतं.

तिसरं औषधाचं. साठ हजार युनिटची पुडी किंवा गोळी आपल्याकडे सर्रास मिळते. ती बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. ‘रोज एक’ समजून घेतल्यामुळे लोक गंभीर आजारी पडलेले आहेत. मळमळ, फार तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, भ्रम अशी लक्षणं दिसली, तर पुडी थांबवून डॉक्टर गाठायचा. मूत्रपिंडाचा आजार किंवा मुतखडा असेल, तर विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. कॅलेंडरवर पुडीच्या दिवसाला कुंकवाची खूण करा, वाचता न येणाऱ्या बाईलाही समजतं. आणि उगाच सगळ्या गटाची रक्ततपासणी करत सुटू नका. निरोगी माणसांनी सरसकट ही तपासणी करायची गरज नाही, असं अमेरिकेतल्या अंतःस्रावी तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ साली सांगितलं आहे. तपासणीचा पैसा जिला खरंच गरज आहे तिच्यासाठी ठेवा.

चौथं ताटाचं. मोठ्या माणसाला दिवसाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं, तिळात तर त्याहून कितीतरी जास्त. दूध परवडत नसेल तर नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, ताक, डाळी. मासे खाणाऱ्यांनी बांगडा आणि तारली सोडू नये. त्यांत ड जीवनसत्त्व आहे, आणि ते स्वस्त मासे आहेत. अंड्याच्या बलकात थोडं आहे. घाव भरायला प्रथिनंही लागतात. ऑपरेशन झालेल्या बाईला पथ्य म्हणून नुसती पेज देणं चुकीचं आहे. आणि मिश्री सोडायची. तंबाखूमुळे हाड जुळायला अडथळा होतो, हे धूम्रपानाच्या बाबतीत पक्कं झालं आहे, आणि मिश्रीतही तंबाखूच असतो. ‘दातच तर घासते’ म्हणून हा विषय सोडून देऊ नका.

पाचवं सगळ्यात अवघड, घरचं. ऑपरेशनच्या आधी त्या घरात बैठक घ्या. नवरा, सासू, मुलगे सगळे समोर हवेत. पाणी कोण भरणार, कपडे कोण धुणार, गच्चीची किल्ली कुणाकडे, कमोडची खुर्ची कुठून आणायची, हे नावानिशी कागदावर लिहा. डॉक्टरांना विनंती करून डिस्चार्ज कार्डावर ‘तीन महिने घरकाम बंद’ असं मराठीत लिहून घ्या. माझा अनुभव असा, की बाईच्या दुखण्यापेक्षा डॉक्टरांच्या अक्षराला घरात जास्त मान असतो. तो मान वापरून घ्यायला काहीच हरकत नाही.

त्या पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या बाबतीत आम्ही हेच केलं. ऑपरेशन सहा आठवडे पुढे गेलं, तेवढ्यात औषध सुरू झालं. तिच्या बचतगटातल्या बायकांनी पाळी लावून पाणी भरलं. मुलगा आधी लाजला, मग कपडे धुवायला लागला. आठव्या महिन्याच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. ते जीवनसत्त्वानं जुळलं, विश्रांतीनं की डॉक्टरांच्या हातानं, हे मला सांगता येणार नाही. यांतली एकही गोष्ट वगळून बघायची माझी तयारी नव्हती.

शेवटी एक काम देते. आपापल्या वस्तीत गेल्या पाच वर्षांत मणक्याचं ऑपरेशन झालेल्या बायकांची यादी करा. प्रत्येकीला चार प्रश्न विचारा. ऑपरेशनआधी रक्त तपासलं का? घरी गेल्यावर कितव्या दिवशी कामाला लागलात? रोज ऊन कुठे मिळतं? आज दुखतं का? ही यादी घेऊन पुढच्या बैठकीत बसू. मग रुग्णालयाकडे काय मागायचं, नगरपालिकेकडे काय मागायचं आणि आपल्याच घरांत काय मागायचं, हे आपल्याला त्या यादीवरूनच ठरवता येईल.